सोलापूरचा चहा होटगीला संपतो

खिडकीतून उडालेला कप नेमका पडतो कुठे? आजोळच्या एका जंक्शनवर घालवलेले दोन दिवस आणि एका गाईची गोष्ट...

तुम्ही कधी होटगीला उतरलायत? नाही ना? वाटलंच. होटगीला कुणी उतरत नाही. होटगी फक्त खिडकीतून दिसतं, तेही तुम्ही मोबाइलमधून डोकं वर काढलंत तर!

पण होटगीला तुम्ही काहीतरी दिलेलं असण्याची शक्यता मात्र भरपूर आहे. कसं, ते सांगतो.

पुण्या-मुंबईकडून दक्षिणेत जाणारी गाडी सोलापूरला थांबते. 'चायऽऽ गरम' ऐकू येतं. तुम्ही चहा घेता, सोबत वडापाव, चिप्सचं पाकीट नाहीतर शेंगाचटणीची पुडी. गाडी सुटते. चहा फार गरम असतो म्हणून तुम्ही फुंकर मारत बसता. टिकेकरवाडी मागे पडते. चहा कोमट होतो, मग तळाशी जातो. आणि बरोब्बर तेव्हाच पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं समोर येतात – होटगी. हात खिडकीबाहेर जातो, कप वाऱ्यावर उडतो. तुम्ही पाटी वाचेपर्यंत गाव गेलेलं असतं.

पंधरा किलोमीटर म्हणजे एका चहाचं अंतर. सोलापूरचा चहा होटगीला संपतो, असं माझे मामा म्हणतात. आणि मामांना हे माहीत असायलाच हवं, कारण तो कप त्यांच्या बांधावर येऊन पडतो.

न उतरण्याचं गाव

होटगी माझं आजोळ. नीट सांगायचं तर होटगी स्टेशन. होटगी गाव वेगळं, होटगी स्टेशन वेगळं. 'होटगीचा' म्हटलं की 'गावातला की स्टेशनवरचा?' हा प्रश्न ठरलेला. आम्ही स्टेशनवरचे. मामा रेल्वेत गँगमन होते. पस्तीस वर्षं हातोडा खांद्यावर टाकून रूळ चालले. रिटायर झाल्यावर आता लाइनीलगतच्या तीन एकरांत ज्वारी आणि तूर करतात.

नकाशावर होटगीचं महत्त्व फार मोठं आहे. मुंबईकडून आलेली लाइन १८६० मध्ये सोलापूरला पोचली, १८७१ पर्यंत ती पुढे रायचूरला गेली. मग १८८४ च्या सुमारास गदगहून विजापूरमार्गे मीटरगेजची लाइन होटगीला येऊन मिळाली. तेव्हापासून इथे रुळांना दोन फांद्या आहेत. एक अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड करत कलबुर्गीकडे जाते. दुसरी विजयपूरकडे, म्हणजे आपल्या जुन्या विजापूरकडे, आणि तिथून गदगला. एका फाट्यावर स्वामी समर्थ आणि दत्तमहाराज, दुसऱ्यावर गोलघुमट! आई तिच्या लहानपणच्या 'छोट्या गाडी'बद्दल अजून सांगते. ती छोटी गाडी गेली. २००८ पर्यंत गदगपर्यंतची सगळी लाइन रुंद झाली. आता गाड्या होटगीत वाट बदलतात आणि माणसं जागेवर बसून राहतात.

भाषाही इथे वाट बदलते. मामांचं मराठी सोलापुरी, मामींचं माहेर इंडीकडचं. त्यामुळे घरात एक वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. दारात पाऊल ठेवलं की मामींचं 'बर्री, बर्री' आणि मामांचं 'आलास व्हय बे? किती वाळलास!' एकदमच येतं.

या जानेवारीत हुरड्याच्या निमित्ताने मी तब्बल सहा वर्षांनी आजोळी दोन दिवस राहिलो. हिंजवडीतल्या टीमला सांगितलं होतं, 'डिटॉक्सला चाललोय.' मनात चित्र ठरलेलं होतं: ज्वारीचं शेत, शेकोटी, गोवऱ्यांवर भाजलेली कणसं आणि इन्स्टाग्रामला घालण्यासारखा एक सूर्यास्त.

सूर्यास्त मिळाला. पण फोटो काढताना पहिल्यांदा लक्षात आलं, की कुठल्याही अँगलने घेतला तरी फ्रेममध्ये काहीतरी चकाकतंय. ते पाणी नव्हतं. बांधावर अडकलेली वेफर्सची पाकिटं होती. आतल्या चंदेरी बाजूवर ऊन पडलं की अगदी तळ्यासारखी चमकत होती.

'काय बघलालास?' मामांनी विचारलं.

'मामा, हे एवढं कुठून आलं?'

मामा हसले. 'तुमच्याकडनंच की!'

मामांचा सर्व्हे

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला शेताच्या कडेकडेने फिरवलं. पस्तीस वर्षं रूळ तपासण्यात गेली, त्यामुळे त्यांची नजर कायम जमिनीवर असते. आपण एक्सेल शीट वाचतो ना, तसा हा माणूस जमीन वाचतो.

'हे कप बघ. हे सोलापूरकडनं आलेले. गरम गरम पिऊन टाकलेले.' थोडं पुढे गेल्यावर, 'आणि हे तिकडनं येणाऱ्या गाडीतनं. बिस्किटाचे पुडे, लहान पोरांचे डायपर, जेवणाच्या डब्या. सोलापूर आलं म्हटल्यावर लोक आवराआवरी करतात. सामान वर, कचरा बाहेर!'

हा मामांचा अंदाज, कुठल्या संस्थेचा अहवाल नव्हे. पण मला पटला. कारण मी स्वतः हेच केलंय. कॉलेजात असताना स्लीपरच्या दारात पाय सोडून बसायचो, तेव्हा किती कप उडवले त्याची गणती नाही. उलट उडणारा कप किती लांब जातो, यावर आमच्या पैजा लागायच्या.

'पण आता मी एसीने येतो, मामा. खिडकी उघडतच नाही,' मी जरा कॉलर ताठ करून म्हणालो.

मामा काही बोलले नाहीत. पण त्यावरून मलाच एक प्रसंग आठवला आणि कॉलर खाली आली. मागे एका लांबच्या प्रवासात रात्री उशिरा दाराशी उभा होतो. बेसिनखालचा डस्टबिन भरून वाहत होता. त्यात माझाही जेवणाचा ट्रे होता, अगदी सुसंस्कृतपणे नेऊन टाकलेला. एक पोरगा आला, त्याने काळी पिशवी बांधली, दार उघडलं आणि अंधारात ढकलून दिली. दार बंद! दहा सेकंदांचं काम. मी बघितलं, तोही माझ्याकडे बघून कसनुसा हसला. मी काहीही न बोलता बर्थवर जाऊन झोपलो. डबा स्वच्छ होता ना... माझा प्रश्न तेवढ्यावरच संपला होता.

कुठल्या तरी गावाने माझा तो ट्रे सकाळी बघितला असेल. तेही न उतरण्याचंच गाव असणार.

एक गोष्ट मात्र मामांनी आवर्जून सांगितली. सगळंच बिघडलंय असं नाही. 'आमच्या येळंला रुळावर चालायचं म्हणजे नाक धरून. डब्यातलं सगळं खाली पडायचं. आता गाडीला ती नवी संडासं आली, रूळ किती स्वच्छ झाला! पोरांना विचार.' गेल्या काही वर्षांत डब्यांना बायो-टॉयलेट बसली. रुळांवर काम करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात यापेक्षा मोठी सुधारणा क्वचितच झाली असेल. मामांच्या पिढीने भोगलेली ती घाण मामांनंतरच्या पोरांच्या वाट्याला आली नाही.

मग मामांनी डाव्या भुवईवरची जुनी खूण दाखवली. चालत्या गाडीतून आलेली बाटली. तीन टाके. 'रुळावरची घाण रेल्वेनं आवरली,' ते म्हणाले, 'हातातली कोण आवरणार?'

चंद्री

गोठ्यात एक दावं रिकामं होतं. मी सहज विचारलं, 'चंद्री कुठाय?'

मामी चुलीपुढून उठून आत गेल्या. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

चंद्री ही मामींची गाय. कपाळावर पांढरी कोर, म्हणून चंद्री. मी मागच्या वेळी आलो होतो तेव्हा ती कालवड होती आणि माझ्या बॅगचा पट्टा चाटत बसायची. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिने खाणं सोडलं. रवंथ थांबला. पोट एका बाजूने फुगलं. डॉक्टर आले, औषधं झाली, उपयोग होईना. शेवटी डाव्या कुशीत चिरून पोट उघडलं.

'टोपलंभर निघालं,' मामा म्हणाले. पिशव्या, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, सुतळी, पाकिटं – सगळं पिळून पिळून एकमेकांत वळलेलं. गोठ्यासमोर दोरखंडासारखा ढीग पडला होता. मामी त्याच्याकडे बघत राहिल्या. चौथ्या दिवशी चंद्री गेली.

गाय प्लास्टिक का खाते? हा प्रश्न मी शहाण्यासारखा विचारला. मामांनी शांतपणे समजावलं. शेळी ओठांनी निवडून निवडून खाते. गाय तशी खात नाही. जिभेचा वेढा घालते, ओढते आणि गिळते. चावायचं ते नंतर, निवांत रवंथ करताना. त्यात पिशवीत उरलेल्या भाताचा वास, वेफर्सचं मीठ. पिशवी सोडवून आतलं खायला तिला हात कुठायत? एकदा पोटात गेलं की प्लास्टिक कुजत नाही, पुढेही सरकत नाही. तिथेच साठत राहतं. बाहेरून गाय ठणठणीत दिसते. दोन वर्षं, तीन वर्षं. मग एक दिवस जागाच उरत नाही.

मी काय बोलणार? 'सॉरी मामी' म्हणायलाही जीभ वळेना. त्या ढिगात माझी पिशवी नसेलही. नसेलच बहुधा. पण 'नव्हतीच' असं मला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

कस आणि कस

संध्याकाळी मामी अंगण झाडत होत्या. झाडता झाडता स्वतःशीच काहीतरी कानडीत पुटपुटल्या. मला त्यातला एकच शब्द कळला – 'कस'.

'कस म्हणजे?'

'कचरा रे. आमच्यात कचऱ्याला कस म्हणतात.'

आणि मराठीत? मराठीत आपण जमिनीचा 'कस' म्हणतो! ज्या जमिनीत दम आहे तिला कसदार म्हणतो. शब्द ऐकायला सारखाच. रुळाच्या अलीकडे त्याचा अर्थ जमिनीची ताकद, मामींच्या माहेरी कचरा.

पण मामींच्या लहानपणी या दोन्ही अर्थांत फार अंतर नव्हतंच की. घरातला कचरा म्हणजे राख, शेण, भाजीची देठं, ज्वारीचं पाचट, शेंगांची टरफलं. तो उकिरड्यावर जायचा. वर्षभर कुजायचा आणि उन्हाळ्यात बैलगाडी भरून शेतात. कानडी 'कस' वर्षभरात मराठी 'कस' व्हायचा. रेल्वेतली माणसं तेव्हाही खिडकीतून टाकतच होती, हे विसरू नका. आपले आजी-आजोबा काही फार शिस्तीचे होते असं नाही. पण ते काय टाकायचे? शेंगांची टरफलं, केळीची सालं, पळसाच्या पानांची पत्रावळ. पत्रावळ शेळी खायची, टरफलं मातीत जायची. चहा मिळायचा काचेच्या ग्लासात, आणि ग्लास परत घ्यायला पोरगं गाडीबरोबर पळत यायचं! २००४ मध्ये लालूप्रसादांनी स्टेशनांवर मातीचे कुल्हड आणले, तेव्हा आपण हसलो होतो. पण कुल्हड फुटलं तर त्याची मातीच होणार होती.

बदललं ते एवढंच. हाताची सवय तीच राहिली, हातातली वस्तू बदलली.

आता आपण ज्याला 'कागदी' कप म्हणतो, त्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो. नाहीतर चहा गळला नसता का? वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात, कुरकुरीतपणा टिकावा म्हणून. ते पापुद्रे वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. पाण्याची बाटली मात्र भंगारात विकली जाते. म्हणून मामांच्या बांधावर बाटल्या टिकत नाहीत, कुणीतरी गोणीत भरून नेतं. पाकिटं राहतात. ज्याला किंमत आहे ते उचललं जातं, ज्याला नाही ते आपल्यापेक्षा जास्त जगतं.

आणि उकिरडा? तो अजून आहे. पण आता त्यात गावातल्या दुकानांच्याच पुड्या, शाम्पूची पाऊचं, दुधाच्या पिशव्या असतात. हे सगळं काही गाडीतून येत नाही, मामांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. शेणखताबरोबर ते शेतात जातं आणि नांगराला गुंडाळून वर येतं. मामांनी ढेकूळ फोडून दाखवलं. आत एका तंबाखूच्या पुडीचा तुकडा होता. रंग अजून ताजा!

झाडू कुणाचा?

आता तुम्ही म्हणाल, कायदे नाहीत का? आहेत की! रेल्वेच्या हद्दीत घाण केली तर ५०० रुपयांपर्यंत दंड, हा नियम २०१२ पासून आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली. २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून देशभरात प्लास्टिकचे कप, चमचे, स्ट्रॉ यांवर बंदी आली. चिप्सच्या चकचकीत पाकिटाचं नाव मात्र त्या यादीत नव्हतं.

मोहिमाही झाल्या. २००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा गावोगाव कशी धांदल उडाली होती ते आठवतं? भिंती रंगवल्या, गटारं उपसली, समिती येणार म्हणून पोरासोरांनी रस्ते झाडले. अनेक गावं खरंच बदलली. काही गावं समिती येऊन जाईपर्यंत बदलली. ज्यांचं नाव त्या अभियानाला दिलं, ते गाडगेबाबा १९५६ मध्ये गेले. ते कुठल्याही गावात पाहुणे म्हणून शिरायचे आणि आधी हातात खराटा घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. मला त्यांच्याबद्दल एक गोष्ट फार लागते. ते ज्या गावचे नव्हते, ते गाव झाडायचे. आपण नेमकं उलटं करतो. जे गाव आपलं नाही, तिथे टाकतो.

मामांना विचारलं, 'मग हे कुणी उचलायचं?' त्यांनी बोटाने हद्दी दाखवल्या. इथवर रेल्वे. तिथून पुढे ग्रामपंचायत. तो रस्ता आणखी कुणाचा. हा बांध माझा. प्रत्येक जण आपापल्या हद्दीपर्यंत झाडतो आणि कचरा हद्दीवर सारतो. वाऱ्याला हद्द कुठे असते? तो सगळं उचलतो आणि पहिल्या काटेरी झुडपाला लटकवतो. होटगीच्या बाभळींना शेंगांपेक्षा पिशव्याच जास्त लागल्यात, असं वाटावं.

मामा स्वतः दर रविवारी बांध वेचतात. एक गोणी भरते. 'मग ती गोणी कुठे टाकता?' मी विचारलं. मामा गप्प. मग हळूच म्हणाले, 'जाळतो. दुसरं काय करू? गाडी येत नाही न्यायला. वास लई घाण येतो, पण गाईच्या पोटात जाण्यापेक्षा बरं.' प्लास्टिक जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो, हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. पण त्यांना 'जाळू नका' म्हणायला मी कुठल्या तोंडाने उभा राहणार होतो?

होटगी रोडवरचा केक

परतायच्या आदल्या संध्याकाळी मामेभावाच्या बाइकवरून होटगी रोडने सोलापूरला चक्कर मारली. वाटेत तलाव लागतो. थंडीत पाहुणे पक्षी उतरतात म्हणून सोलापूरचे पक्षीमित्र दुर्बिणी घेऊन अशा तलावांवर पहाटे पहाटे हजर असतात. सोलापूर परिसरातल्या तलावांवर पट्टकादंब येतात, हिमालय ओलांडून! एवढा प्रवास करून येणाऱ्या पाहुण्यासाठी काठावर आपण काय मांडून ठेवलं होतं? केकचे रिकामे खोके, 'हॅपी बर्थडे'ची चमकीची झालर, थर्माकोलच्या ताटल्या आणि स्प्रेचे डबे.

हे गाडीतून पडलेलं नव्हतं. हे मुद्दाम बाइकवर बसवून आणलेलं होतं. आपल्याच वयाच्या कुणीतरी, बहुतेक रात्री बाराला. खरं सांगू? पुण्यात असताना टेकडीवर आम्हीही असे दोन-तीन बर्थडे केलेत. केकचा खोका कुठे गेला ते आठवत नाही. 'आठवत नाही' याचा अर्थ आता मला कळतो.

पुढे विमानतळ लागतो. कुमठ्याच्या साखर कारखान्याची उंच चिमणी तुम्ही लहानपणी पाहिली असेल, तर ती आता शोधू नका. विमानांना अडथळा नको म्हणून ती १५ जून २०२३ ला पाडली गेली. बऱ्याच जणांचा जीव हळहळला. मग ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं. आता गंमत ऐका. १९३७ च्या विमान नियमांत एक कलम आहे, विमानतळाच्या १० किलोमीटरच्या परिसरात पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायला मनाई! उकिरड्यावर घारी येतात आणि घार इंजिनात गेली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणजे विमानासाठी अख्खी चिमणी आपण एका दिवसात खाली आणली. रस्त्याकडेची चिकनच्या हाडांची पिशवी मात्र अजून तिथेच असते.

फडकं

निघायच्या दिवशी मामींनी वाटेसाठी धपाटे दिले. सोबत शेंगाचटणी आणि दही. मला वाटलं फॉइलमध्ये गुंडाळतील. त्यांनी जुन्या लुगड्याचं एक मऊ फडकं काढलं, धपाटे मांडले, चार टोकांची गाठ मारली. दह्याला स्टीलचा छोटा डबा.

'फडकं परत आण हं,' मामी म्हणाल्या. 'आणि डबा पण. ते तुझ्या आज्जीचं आहे.'

होटगीहून सोलापूरला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो. समोर माझ्याच वयाचा एक जण, गळ्यात कंपनीचं आयकार्ड, कानात इअरफोन. सोलापूर जवळ आलं तशी त्याने आवराआवरी सुरू केली. लॅपटॉप बॅगेत, चार्जर बॅगेत. बिस्किटाचा रिकामा पुडा हातात घेऊन तो खिडकीकडे वळला.

मला भाषण द्यायचं नव्हतं. कुणी मला वीस वर्षांपूर्वी दिलं असतं तर मी ऐकलं नसतं. मी एवढंच म्हणालो, 'इकडे द्या, माझ्याकडे पिशवी आहे.' तो एकदम ओशाळला. 'नाही नाही, असू द्या,' म्हणत त्याने पुडा घडी करून आयकार्डच्या खिशात कोंबला. तो पुढे खरंच कचरापेटीत गेला की सोलापूरच्या पुलावरून खाली गेला, मला माहीत नाही. पण टिकेकरवाडीच्या कुणाच्या बांधावर तरी तो त्या दिवशी पडला नाही.

पुण्यात आल्यावर फडकं धुतलं, वाळवलं. आता ते माझ्या लॅपटॉप बॅगेच्या पुढच्या कप्प्यात असतं. ऑफिसात एका मैत्रिणीने विचारलं, 'हे काय रे?' मी म्हटलं, 'परत करायचंय.'

विचार केला, आपल्या हातातून दिवसाला किती वस्तू जातात, आणि त्यातली एक तरी कुणी 'परत आण' म्हणून दिलेली असते का? पूर्वी चहाचा ग्लाससुद्धा परत मागणारं पोरगं होतं. आता कुणीच काही परत मागत नाही. मग आपण ते होटगीला देऊन टाकतो.

मी येत्या वेळी होटगीला जाणार आहे. फडकं आणि डबा द्यायला. या वेळी सहा वर्षं लावणार नाही. मामींनी नवी कालवड घेतलीये, तिचं नाव अजून ठेवायचंय.

होटगीला जायचंय?

कसं जाल: पुण्याहून रेल्वेने सोलापूर, तिथून पॅसेंजरने किंवा होटगी रोडने साधारण पंधरा किलोमीटर. सगळ्या एक्स्प्रेस होटगीला थांबत नाहीत, आधी वेळापत्रक बघून घ्या.

कधी जाल: डिसेंबर-जानेवारी. हुरड्याचे दिवस, तलावांवर पाहुणे पक्षी. मकर संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, ती चुकवू नका.

काय खाल: हुरडा, कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे. शेंगांची टरफलं मातीत टाकलीत तर मामा काही म्हणणार नाहीत!

काय न्याल: स्वतःचा स्टीलचा कप (चहावाला कुरकुर न करता त्यात ओततो, अनुभव आहे), एक फडकं आणि एक रिकामी पिशवी. पक्षी बघायला जाणार असाल तर दुर्बीण.

काय आणाल: जे नेलं ते सगळं.